जुन्या रेंजफाइंडरला लेन्स निवडताना

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेलं चित्रच डोळ्याला दिसतं. काच धूसर असेल, फोकस हुकला असेल, तर बटण दाबायच्या आधीच कळतं. रेंजफाइंडरमध्ये (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यात) आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि फिल्मवर चित्र पाडणारी काच वेगळी. लेन्सची टोपी काढायची राहिली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसतं. लेन्समध्ये काही खोट असेल तर ती रोल धुऊन आल्यावरच उघडी पडते. त्यामुळे ‘हिचं चित्र कसं येतं’ हा प्रश्न इथे सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी बघायचं ते असं: ही लेन्स कॅमेऱ्यावर नीट बसते का, कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर (फोकस जुळवणारी यंत्रणा) तिला अचूक फोकस करू शकतो का, आणि तिची चौकट, म्हणजे फोटोत येणाऱ्या भागाची सीमा, दिसणार कुठे.

पुढची माहिती मुख्यतः ३९ मिमी आट्यांच्या (लेन्स स्क्रूसारखी फिरवून बसवायच्या) कॅमेऱ्यांसाठी आहे: लायका तीन मालिका (तीन-सी, तीन-एफ वगैरे), कॅनन पी आणि कॅनन ७, सोव्हिएत झोर्की आणि फेड. लायका एम कॅमेऱ्यांवर याच लेन्स रिंग लावून चालतात, त्यामुळे एम-२, एम-३ वाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

३९ मिमी म्हटलं की सगळं जुळतंच असं नाही

लायकाच्या आट्यांच्या माउंटमध्ये (कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या जागेत) माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी असतं. विक्रेता ‘एम-३९’ एवढंच लिहितो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी त्याच नावाखाली येतात. एक, रेंजफाइंडरच्या खऱ्या लेन्स. दोन, सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या लेन्स. यांचे आटे तेच, पण अंतर सुमारे ४५ मिमी. त्या कॅमेऱ्यात फिरून बसतात, फोकस मात्र कुठेच लागत नाही. तीन, एनलार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) लेन्स. त्यांना फोकसची रिंगच नसते. ओळखायची सोपी खूण म्हणजे लेन्स उलटी करून मागची बाजू बघणं. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे, आट्यांच्या आतल्या अंगाला, पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक कडी असते. फोकसची रिंग फिरवली की ती पुढेमागे सरकते. हीच कडी कॅमेऱ्यातल्या रेंजफाइंडरच्या दांडीला ढकलते. कडी नसेल तर लेन्स रेंजफाइंडरशी जोडलेली नाही, अंतर अंदाजाने लावावं लागेल.

लायका एमचं हेच अंतर २७.८ मिमी आहे, म्हणजे बरोबर १ मिमी कमी. आट्यांची लेन्स एमवर बसवायची रिंग म्हणूनच १ मिमी जाडीची असते. या रिंगांचे तीन प्रकार मिळतात आणि त्यावरून व्ह्यूफाइंडरमध्ये कुठली चौकट उमटेल ते ठरतं: ५०/७५, ३५/१३५ आणि २८/९०. लेन्सच्या फोकल लांबीप्रमाणे (५०, ३५ असा मिमीतला आकडा) रिंग घ्या. अगदी स्वस्त रिंगांची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि इथे काही शतांश मिलिमीटरचा फरकही उघड्या (उजेड आत सोडणारं छिद्र पूर्ण मोठं असलेल्या) अ‍ॅपर्चरला दिसतो. लेन्सवर खर्च करून रिंगेत काटकसर करू नये.

कॉन्टॅक्स, कीव्ह आणि निकॉन एस यांचा माउंट बायोनेट (आट्यांऐवजी थोडं फिरवून अडकणारा) आहे, ते कुटुंब वेगळं. कीव्हची ज्युपिटर-८ आणि झोर्कीची ज्युपिटर-८ यांची काच एकच, पण एकीची दुसरीवर बसत नाही. जाहिरातीत नुसतं ‘ज्युपिटर-८’ असेल तर मागच्या बाजूचा फोटो मागवाच.

महायुद्धापूर्वीच्या फेडवर तर आट्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. त्या काळी एकेक कॅमेरा त्याच्या लेन्सशी हाताने जुळवून कारखान्याबाहेर पडायचा. तसा कॅमेरा असेल तर त्याच्याबरोबर आलेलीच लेन्स वापरावी.

रेंजफाइंडरला किती झेपतं

रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर म्हणजे त्याचा पाया. या अंतराला व्ह्यूफाइंडर प्रतिमा जितकी मोठी किंवा लहान दाखवतो त्या आकड्याने गुणलं की परिणामी पाया निघतो. तो जितका मोठा, तितका फोकस अचूक. काही आकडे सुमारे असे: झोर्की-४ चा ३८ मिमी, कॅनन पी चा ४१, कॅनन ७ चा ४७, फेड-२ आणि लायका एम-२ चा ५०, लायका तीन-एफचा ५८, लायका एम-३ चा ६२. तीन-एफचे खरे डोळे जेमतेम ३९ मिमी अंतरावर आहेत, पण त्याची फोकसची वेगळी खिडकी चित्र दीडपट मोठं करून दाखवते, म्हणून तो इतका वर आहे.

आता लेन्सची मागणी काढू. फोकल लांबीचा वर्ग करा, त्याला सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरच्या आकड्याने (एफ/ पुढचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं) भागा आणि पुन्हा १०० ने भागा. येईल तो आकडा म्हणजे लागणारा किमान पाया, मिलिमीटरमध्ये. ५० मिमी एफ/२ साठी २५०० भागिले २ भागिले १००, म्हणजे १२.५. हा हिशेब चांगली नजर आणि नीट जुळवलेला रेंजफाइंडर गृहीत धरतो. साठ-सत्तर वर्षं जुन्या कॅमेऱ्यासाठी आलेल्या आकड्याची दीडपट धरा.

या हिशेबाने ५० मिमी एफ/३.५ ला ७, एफ/१.५ ला सुमारे १७ आणि ३५ मिमी एफ/२ ला ६ लागतात. दीडपट धरूनही यादीतला एकही कॅमेरा इथे कमी पडत नाही. ९० मिमी एफ/४ ला २० लागतात. दीडपट म्हणजे ३०, तेही सगळ्यांना जमतं. ८५ मिमी एफ/२ ला ३६ लागतात, दीडपट केले की ५४. इथे झोर्की-४ आणि कॅनन पी बाहेर पडतात, फेड-२ काठावर राहतो, तीन-एफ आणि एम-३ ला चालते. १३५ मिमी एफ/४ ला ४६ लागतात, म्हणजे सुरक्षितपणे ६९. ही लेन्स एम-३ वरसुद्धा एफ/५.६ वर आणूनच वापरलेली बरी. लायकाने १३५ मिमी एफ/२.८ काढली तेव्हा व्ह्यूफाइंडरपुढे बसणारी, प्रतिमा मोठी करणारी भिंगं तिला जोडूनच दिली. हिशेब केला तर तिला ६५ लागतात, म्हणजे भिंगं का लागली ते लगेच कळतं.

झोर्कीवर ८५ एफ/२ घेऊन चेहऱ्याचे उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या. ती लेन्स वाईट नाही, कॅमेऱ्याला ती पेलवत नाही एवढंच.

चौकट कुठे दिसणार

लायका तीन-एफ, झोर्की-४ आणि फेड-२ यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त ५० मिमीचं दृश्य दिसतं, तेही चौकटीच्या रेषेशिवाय. कॅनन पी मध्ये ३५, ५० आणि १०० च्या चौकटी कायम दिसतात. कॅनन ७ मध्ये त्या निवडता येतात: ३५, ५०, ८५ व १०० एकत्र, आणि १३५. एम-३ मध्ये ५०, ९०, १३५. एम-२ मध्ये ३५, ५०, ९०.

ज्या फोकल लांबीची चौकट नाही तिच्यासाठी वरच्या खाचेत बसणारा वेगळा व्ह्यूफाइंडर घ्यावा लागतो. म्हणजे एका खिडकीतून फोकस करायचा, डोळा हलवायचा, दुसऱ्या खिडकीतून चौकट बांधायची. जुना, काच स्वच्छ असलेला ३५ मिमीचा व्ह्यूफाइंडर कधी कधी सोव्हिएत लेन्सपेक्षा महाग पडतो, तेव्हा दोन्हींची किंमत एकत्र धरूनच निर्णय घ्या. सोव्हिएत बनावटीचा फिरत्या तबकडीचा व्ह्यूफाइंडर पाच फोकल लांब्यांचा असतो: २८, ३५, ५०, ८५ आणि १३५. तो दणकट आहे आणि एकदा घेतला की पुढच्या प्रत्येक लेन्सला पुरतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण फोटोत तो येत नाही.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कॅनन पी मधली ३५ ची चौकट खिडकीच्या अगदी कडेला आहे, चष्मा लावून ती पूर्ण दिसत नाही. या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या डोळ्याकडच्या खिडकीला धातूची उघडी कडा असते आणि तिने चष्म्यावर गोल चरे पडतात. तिथे फेल्टची किंवा रबराची पातळ चकती चिकटवा. झोर्की-४ ला डोळ्याचा नंबर जुळवायची तरफ आहे, साध्या नंबरसाठी चष्मा काढूनच काम होतं.

खरंच किती मोठं अ‍ॅपर्चर हवं?

लोक एफ/१.५ आणि एफ/१.२ च्या मागे धावतात, म्हणून हा हिशेबही करून टाकू. भर उन्हात ४०० आयएसओच्या रोलला एफ/१६ वर साधारण १/५०० सेकंद लागतो. फेड-२ ची कमाल गती तेवढीच आहे. झोर्की-४, कॅनन पी आणि लायका १/१००० पर्यंत जातात, म्हणजे एफ/११. १०० आयएसओचा रोल घातला तरी १/१००० ला एफ/५ च्या आसपास थांबावं लागतं. उन्हात एफ/२ सुद्धा वापरता येत नाही, मग एफ/१.५ ची गोष्टच सोडा.

मोठं अ‍ॅपर्चर कामाला येतं ते घरात आणि रात्री. घरातल्या दिव्यांच्या उजेडात ४०० चा रोल आणि एफ/२ असेल तर १/३० ते १/६० मिळतो, हातात धरून चालण्यासारखा. त्याच ठिकाणी एफ/३.५ ची लेन्स १/१० ते १/२० वर आणते आणि माणसं हलली की गेली. म्हणून एकच लेन्स घ्यायची असेल तर ५० एफ/२ किंवा एफ/१.८. फक्त दिवसा, प्रवासात वापरणार असाल तर एफ/३.५ ची घडी होणारी लेन्स खिशात मावते आणि स्वस्तही पडते.

पन्नासच्या लेन्स

ज्युपिटर-८ (५० एफ/२) जर्मन कंपनी झाइसच्या युद्धपूर्व सोनार रचनेवरून बनली: तीन गटांत सहा काचा, हलकं अ‍ॅल्युमिनियम, ४०.५ मिमीचा फिल्टर. एफ/२ ला थोडी मऊ, एफ/४ पासून खणखणीत. तिच्या दोन सवयी माहीत असाव्यात. फोकस करताना पुढचा सगळा भाग फिरतो, त्यामुळे अ‍ॅपर्चरचे आकडेही फिरतात. आधी फोकस आणि मग अ‍ॅपर्चर असा क्रम ठेवला की गोंधळ होत नाही. अ‍ॅपर्चरच्या रिंगला टकटक थांबे नसतात, नकळत बोट लागून ती हलते. फोटो काढण्यापूर्वी एकदा नजर टाकायची सवय लावा.

इंडस्टार-६१ (एफ/२.८, बहुतेक ५५ मिमी असं लिहिलेली) झाइसच्याच टेसार रचनेची, लँथेनमयुक्त काचेची. कडेपर्यंतची स्पष्टता हवी असेल तर ज्युपिटर-८ पेक्षा ही सरस, किंमतही कमी. इंडस्टार-२२ आणि इंडस्टार-५० (दोन्ही ५० एफ/३.५) याच घराण्यातल्या लहान लेन्स. इंडस्टार-२२ नळी आत ढकलून घडी होते.

सोव्हिएत लेन्स लायका, कॅनन किंवा एमवर लावणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. लायकाने रेंजफाइंडरची कडी ५१.६ मिमीच्या प्रत्यक्ष फोकल लांबीला धरून आखली. सोव्हिएत लेन्स झाइसच्या ५२.४ मिमीच्या मापावरून आल्या. फेड आणि झोर्की त्याच मापाला जुळवलेले असल्याने तिथे अडचण येत नाही. लायकावर दूरचं सगळं बरोबर येतं, पण जवळ आल्यावर लेन्स हवी त्यापेक्षा जरा कमी पुढे सरकते. १ मीटरला फोकस साधारण दोन-तीन सेंटीमीटर मागे पडतो. एफ/२ ला त्या अंतरावर स्पष्टतेची एकूण खोली सुमारे ५ सेंटीमीटर असते, म्हणजे चूक अगदी काठावर. ज्युपिटर-३ (५० एफ/१.५) ला ती खोली साडेतीन सेंटीमीटरवर येते आणि डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. एफ/४ वर किंवा दोन मीटरपुढे हा फरक दिसत नाही. उपाय दोन. एक, जवळच्या फोटोत फोकस जुळल्यावर कॅमेरा दोन-तीन सेंटीमीटर मागे न्यायचा. दोन, लेन्सच्या काचेच्या गटाखालची पातळ चकती थोडी जाड करून घ्यायची. मग दूरचं किंचित बिघडतं, पण दूरचं आपण बहुधा लहान अ‍ॅपर्चरवरच काढतो, त्यामुळे ते झाकलं जातं. दुसरा उपाय जाणकाराकडूनच करून घ्यावा.

सोनार रचनेच्या एफ/१.५ लेन्समध्ये आणखी एक खोड असते: अ‍ॅपर्चर लहान करत गेलं की फोकसची जागा मागे सरकते. उघडी असताना अचूक जुळवली तर एफ/२.८-४ ला मागे पडते. पोर्ट्रेटसाठी घ्यायची तर घ्या, एकुलती एक लेन्स म्हणून नको.

कॅनन ५० एफ/१.८ हा या सगळ्यातला समंजस पर्याय. मजबूत, स्पष्ट, लायकाच्या मापाची. पण हिच्या अनेक प्रतींमध्ये अ‍ॅपर्चरच्या पात्यांमागच्या काचेवर धूसर थर चढतो. सुरुवातीला तो पुसून निघतो, फार काळ राहिला तर काचच कोरली जाते आणि मग कुठल्याही साफसफाईने जात नाही. टॉर्च लावून बघितल्याशिवाय ही लेन्स घेऊ नये. फिल्टर ४० मिमीचा, जो आजच्या दुकानात सहजी मिळत नाही. म्हणून फिल्टर किंवा हूडसकट (बाजूचा उजेड अडवणाऱ्या कड्यासकट) मिळाली तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. कॅनन ५० एफ/१.४ ला (फिल्टर ४८ मिमी) धूसरपणाचा त्रास तुलनेने कमी आणि उघडी असतानाही ती चांगली चालते. एफ/१.२ जड आहे आणि लहान कॅमेऱ्यावर व्ह्यूफाइंडरचा कोपरा झाकते.

लायकाच्या आपल्या लेन्समध्ये एल्मार ५० एफ/३.५ सगळ्यात लहान. युद्धापूर्वीच्या एल्मारवर लेप (काचेची चकाकी कमी करणारा थर) नसतो आणि अ‍ॅपर्चरचे आकडे जुन्या पद्धतीचे असतात: ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८. प्रकाशमापकावर ५.६ आलं तर ६.३ च्या किंचित अलीकडे लावायचं. अ‍ॅपर्चर बदलायची इवलीशी कळ काचेच्या भोवती असते, हूड लावल्यावर तिथे बोट पोचत नाही. सुमार (५० एफ/२, १९३३) ची पुढची काच मऊ असल्याने चरे नसलेली प्रत विरळा. घडी होणारी सुमिक्रॉन (५० एफ/२, १९५३) अप्रतिम आहे, पण तिच्याही पुढच्या लेपावर पुसण्याचे ओरखडे हमखास सापडतात. चरे बारीक असतील तर काळ्या-पांढऱ्या रोलवर फारसं नुकसान होत नाही, उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोंत मात्र पांढुरकेपणा येतो.

घडी होणारी कोणतीही लेन्स पूर्ण बाहेर ओढून, फिरवून कुलूप लावल्याशिवाय वापरायची नाही. अर्धवट राहिली तर सगळा रोल धूसर, आणि व्ह्यूफाइंडर काही सांगत नाही. लायका एम-५ आणि लायका सीएल वर अशी लेन्स आत ढकलू नका, आत प्रकाशमापकाची काडी असते.

पस्तीस आणि त्याहून रुंद

ज्युपिटर-१२ (३५ एफ/२.८) ही झाइसच्या बायोगॉनवरून आलेली. चित्र उत्तम, किंमत माफक, पण मागची काच फुगीर आणि बरीच आत जाते. काही कॅमेऱ्यांत माउंटमागे प्रकाश अडवणारी चौकट असते, तिला ती आपटते. कॅनन ७ वर ही लेन्स बसत नाही. इतर कॅमेऱ्यावर आधी आतली जागा बघा, मग सावकाश फिरवा, जरा अडखळलं की थांबा. बाहेर काढल्यावर मागची टोपी खोल लागते, साधी टोपी त्या काचेवर घासते. अ‍ॅपर्चरची रिंग पुढे, काचेच्या आतल्या बाजूला असते, फिल्टर लावला की बदलणं कटकटीचं होतं.

एम-२ किंवा कॅनन ७ असेल आणि थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर लायकाची सुमारॉन ३५ एफ/३.५ किंवा एफ/२.८ बघा, नाहीतर कॅनन ३५ एफ/२. नवीनच हवी असेल तर जपानी कंपनी कोसिनाने फोख्टलेंडर नावाने काढलेली कलर-स्कोपार ३५ एफ/२.५ आट्यांच्या माउंटमध्येही निघाली होती. तिचा फिल्टर ३९ मिमी, साफसफाईची चिंता कमी. ती जवळ ०.७ मीटरपर्यंत फोकस होते, पण जुन्या आट्यांच्या कॅमेऱ्यांचा रेंजफाइंडर १ मीटरच्या आसपास थांबतो. त्यापुढे अंदाज.

रस्त्यावरच्या फोटोंसाठी फोकस करायलाच नको असेल तर २५ मिमी एफ/४ ची स्नॅपशॉट-स्कोपार आहे, रेंजफाइंडरशी न जोडलेली. एफ/८ वर तिला २.६ मीटरवर ठेवली की सुमारे १.३ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालतं. ३५ मिमीला हेच एफ/८ वर करायचं तर ५ मीटरवर ठेवा, अडीच मीटरपासून पुढचं मिळतं.

पंच्याऐंशी-नव्वदमध्ये फार डोकं लावू नका. लायकाची एल्मार ९० एफ/४ सगळ्या कॅमेऱ्यांना झेपते, सहज मिळते, स्वस्त आहे. १३५ हवी असेल तर खरं म्हणजे एसएलआर घ्या.

हातात घेऊन तपासताना

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लेन्स घेताना खिशात छोटा टॉर्च आणि लहान भिंग ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. पांढरट धुकं म्हणजे वंगणाची वाफ बसलेली, बहुधा साफ होते (वर सांगितलेला कॅननचा अपवाद सोडून). कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कडेला, विरळ असेल तर किंमत पाडून घ्यायला हरकत नाही. मधोमध दाट असेल तर पुसल्यावरही लेपावर तिचा ठसा राहतो, ती सोडा. कडेपासून आत येणारे इंद्रधनुषी वलय किंवा बुडबुड्यासारखा डाग म्हणजे चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्या. दुरुस्तीचा खर्च लेन्सपेक्षा जास्त होतो. काचेतला एखाददुसरा हवेचा बुडबुडा मात्र जुन्या काचेत असतोच, त्याकडे दुर्लक्ष करा.

अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर एसएलआरवाले घाबरतात. इथे पाती हातानेच फिरतात, झटक्याने मिटायची नसतात, त्यामुळे तेलाने एक्स्पोजर चुकत नाही. धोका एवढाच की तेच तेल उडून काचेवर बसतं.

फोकसची रिंग घट्ट असेल तर ग्रीस वाळलंय. आट्यांच्या लेन्सला हा दोष नुसता त्रासदायक नाही: रिंग जोर लावून मागे फिरवली की लेन्सच माउंटमधून सुटायला लागते, आणि फोकस कळत नकळत बिघडतो. सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच सौदा करा.

‘लायका’ लिहिलेला, त्यावर ‘एल्मार’ असलेला सोनेरी किंवा लष्करी चिन्हांचा कॅमेरा स्वस्तात दिसला तर लेन्स काढून आत बघा. खऱ्या लायकाच्या रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला गोल चाक असतं. फेड-झोर्कीत तिथे पाचरीसारखा तिरका तुकडा असतो. तो तुकडा दिसला तर वरचं नाव आणि खालची लेन्स दोन्ही नकली समजा. हाच तिरका तुकडा आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा: ज्या लेन्सची मागची कडी पूर्ण गोल नसून अर्धवट जिभेसारखी असते, ती झोर्की-फेडवर लावताना या तुकड्याला अडकू शकते. जोर लावला तर रेंजफाइंडरच बिघडेल.

सोव्हिएत लेन्सवर लाल रंगात रशियन लिपीतलं ‘प’ अक्षर असेल तर काचेवर लेप आहे. नसेल तर लेप नाहीच असं नाही, नंतरच्या लेप असलेल्या अनेक लेन्सवर हे अक्षर नसतं. लेप नसलेली लेन्स मात्र हूडशिवाय वापरू नका.

कॅमेऱ्यावर जुळते का

लेन्स लावताना आधी उलट दिशेने हळूच फिरवा. आटे जागेवर पडल्याचं बोटाला जाणवतं, मग सरळ फिरवा. आटे फार बारीक आहेत, तिरके चढले तर अ‍ॅल्युमिनियमची लेन्स वाया जाते.

झोर्की-४, फेड-२ किंवा कॅनन पी चं मागचं दार उघडतं, त्यामुळे रोल न घालवता तपासता येतं. एक लहान काचेची पट्टी घ्या, फिल्म जितकी रुंद त्याहून किंचित कमी. तिच्या एका बाजूला मॅट चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. मॅट बाजू लेन्सकडे करून पट्टी आतल्या रुळांवर टेकवा. फिल्म याच रुळांवरून जाते, बाहेरच्या रुळांवर ठेवली तर सगळं मोजमाप चुकेल. शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं), केबलने उघडं अडकवून ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, लेन्स अनंतावर. किलोमीटरभर लांबचा टॉवर किंवा इमारत धरा आणि भिंगातून बघा. भिंग नसेल तर दुसरी ५० मिमी लेन्स उलटी धरा, पाचपट दिसतं.

पट्टीवर दूरचं स्पष्ट आहे, पण रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा जुळत नाहीत, तर दोष कॅमेऱ्याचा. रेंजफाइंडरमध्ये जुळतं, पण पट्टीवर धूसर, तर दोष लेन्सचा. एका लेन्ससाठी कॅमेरा वाकडा करून घेऊ नका, नाहीतर पुढची प्रत्येक लेन्स चुकेल. दूरचं बरोबर ठरल्यावर १ मीटरवर एखादं ठळक उभं अक्षर धरून हेच करा.

लायका तीन मालिकेत फिल्म तळातून जाते, मागचं दार नाही. तिथे रोल लागेलच. टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या रांगेत, एकीमागे एक ३ सेंटीमीटर खोलीवर ठेवा. मधल्या पेटीवर, १ मीटरवरून, उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकस करा. तीन फोटो काढा आणि प्रत्येक वेळी फोकस पुन्हा नव्याने लावा, म्हणजे डोळ्याची चूक आणि लेन्सची चूक वेगळी कळेल. तिन्हींत तीच पेटी पुढे किंवा मागे स्पष्ट आली तर लेन्सचं काम आहे. वेगवेगळ्या पेट्या आल्या तर रेंजफाइंडरची खिडकी साफ करून घ्या आणि पुन्हा बघा.

वापरात एक काळजी: झोर्की, फेड आणि लायकाचं शटर कापडी आहे. लेन्स सूर्याकडे तोंड करून उघडी राहिली तर एका क्षणात भोक पडतं. कॅनन पी चं शटर पोलादी पत्र्याचं, ते जळत नाही पण बोट लागलं की चुरगळतं. कॅमेरा गळ्यात असताना टोपी लावा, नाहीतर एफ/१६ आणि जवळच्या अंतरावर ठेवा. आणि फोटो काढण्यापूर्वी टोपी काढा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, चामड्याच्या जुन्या पिशवीत लेन्स ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असावा. तीसच्या खाली गेला तर जेल कमी करा, कारण मग ग्रीस वाळायला लागतं. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून, पूर्ण गार झाल्यावरच परत डब्यात टाका.